मिश्र जातीचे लहान कुत्रे : स्वभाव, आरोग्य व निगा

"कोणत्या जातीचे आहे हो तुमचे कुत्रे?" असा प्रश्न आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. आमची चिंगी वजनाने जेमतेम ६ किलो, रंगाने तांबूस-पांढरी, शेपटी झुपकेदार आणि कान मात्र एक उभा व एक पडलेला. तिची आई गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरची पांढरी 'पॉमेरियन' आणि बाप गल्लीतला कोणी अनामिक. "क्रॉस आहे" असे सांगितले, की पाहुण्यांचा उत्साह एकदम मावळतो. "मग काय, गावठीच म्हणा ना! त्याला काय लागते? शिळी भाकरी टाकली की झाले," असे म्हणून ते चहाकडे वळतात.

या 'त्याला काय लागते' या समजुतीची फार मोठी किंमत आमच्या घराने मोजली आहे. म्हणूनच प्राणिशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने आणि एका कुत्रीचा पालक या नात्यानेही हा लेख लिहावा असे वाटले. चिंगीच्या आधी आमच्याकडे मोती नावाचे पिल्लू होते. त्याच गुरुजींच्या घरचे, आदल्या विताचे. आणले तेव्हा ते सहा आठवड्यांचे होते. लस टोचून घ्यावी असे मी म्हटले, तेव्हा घरात सर्वांचे एकमत झाले, की गावठी रक्ताला लस लागत नाही, ते चोचले विलायती कुत्र्यांचे. तीन आठवड्यांनी मोतीने खाणे सोडले, त्याला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. आजीने त्याला परसातल्या लिंबाखाली पुरले आणि दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. त्या रोगाचे नाव पार्व्हो, हे आम्हांला नंतर कळले.

जात आणि संकर

आपल्याकडे ज्याला सर्रास 'पॉमेरियन' म्हणतात, तो बहुतेक वेळा खरा पॉमेरियन नसून इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातला टफी याच जातीचा. हा कुत्रा आपल्या हवेला रुळलेला, लहान घरात मावणारा आणि खर्चाला बेताचा. म्हणून गावोगाव पसरला आणि गल्लीतल्या कुत्र्यांशी त्याचा संकरही सहज झाला. आज बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, हुमनाबाद या भागांत लहान चणीची जी केसाळ कुत्री घराघरांत दिसतात, त्यांपैकी पुष्कळशी अशा संकरातूनच आलेली असावीत.

आपण शेतकऱ्यांची मुले. 'संकर' या शब्दाला आपण बिचकण्याचे कारण नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि 'हायब्रीड' हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. दोन भिन्न वाणांच्या संकरातून निघालेली पिढी पुष्कळदा जोमदार निघते. याला संकरज ओज म्हणतात. कुत्र्यांतही हे काही अंशी दिसते. शुद्ध जातीत पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात वीण झाल्याने जे सुप्त दोष उफाळून येतात, त्यांचे प्रमाण संकरात कमी होते. परंतु हे कवच सर्व रोगांवर चालत नाही. पार्व्होचा विषाणू पिल्लाची वंशावळ विचारत नाही. शिवाय आईबापांपैकी एखाद्याला गुडघ्याची वाटी सरकण्याची किंवा दातांवर कीटण साचण्याची खोड असेल (लहान कुत्र्यांत या दोन्ही तक्रारी नेहमीच्याच), तर ती पिल्लातही उतरू शकते.

लहान आकार येतो कोठून? कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, माणसाच्या ४६. २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कुत्र्याच्या १५ व्या गुणसूत्रावरील, वाढीशी संबंधित अशा एका जनुकाचा लहान आकाराशी फार जवळचा संबंध आहे. म्हणजे लहान कुत्रे हे खुरटलेले वा अशक्त कुत्रे नव्हे. त्याची घडणच तशी असते. उलट लहान कुत्री मोठ्यांपेक्षा अधिक जगतात. नीट निगा राखली तर १२ ते १५ वर्षे सहज.

मिश्र रक्ताच्या लहान कुत्र्याच्या काटकपणाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे लायका. मॉस्कोच्या रस्त्यावर फिरणारी, ५-६ किलो वजनाची ही बेवारस कुत्री. रस्त्यावरच्या कुत्र्यांना थंडी आणि भूक यांची सवय असते, म्हणून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मुद्दाम तशीच कुत्री निवडली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून ती पृथ्वीभोवती फिरली. ती परत येणार नाही हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होते. कित्येक दिवस ती जिवंत होती असे पुढे अनेक वर्षे सांगितले गेले. परंतु २००२ साली उघड झाले, की यानातील उष्णता वाढल्याने ती काही तासांतच मरण पावली होती. इतके काटक जनावरही उष्णतेपुढे टिकले नाही, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे वळूच.

स्वभाव

"पॉमेरियनचा क्रॉस म्हणजे भुंकरा", "गावठीचा अंश म्हणजे चावरा" असे ठोकताळे आपण ऐकतो. २०२२ साली अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांना प्रश्न विचारून आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय परीक्षण करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यापैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीने स्पष्ट होतो. राहिलेला भाग त्या त्या कुत्र्याची घडण, वय, अनुभव आणि घर यांवर अवलंबून असतो. तेव्हा पिल्लाची जात विचारण्यापेक्षा त्याचे पहिले तीन-चार महिने कसे गेले, हे विचारणे शहाणपणाचे.

पिल्लाचे डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या जगाच्या ओळखीचा. या काळात ज्याची प्रेमाने ओळख होते, त्याची पुढे भीती वाटत नाही : लहान मुले, म्हातारी माणसे, काठी, छत्री, मोटारसायकल, कुकरची शिट्टी. मात्र आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आई व भावंडांपासून तोडू नये. किती जोराने चावले की दुसऱ्याला लागते, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. आम्ही मोतीला सहाव्या आठवड्यात आणले, हीही आमची चूकच.

लहान कुत्रे जास्त का भुंकते, याचे उत्तर त्याच्या जागी बसून पाहिल्यास मिळते. त्याला आपण सगळे डोंगराएवढे दिसतो. कोणीही येतो, न विचारता उचलतो आणि दाबतो. ते गुरगुरले तर मोठी माणसे हसतात : "एवढासा जीव आणि रुबाब बघा!" अल्सेशियनच्या गुरगुरण्याला कोणी हसत नाही. आपली सूचना कोणी ऐकत नाही असे दिसले, की ते पुढची पायरी चढते. दातांच्या आधी कुत्रे बरेच काही सांगत असते. तोंड फिरवणे, ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, शेपूट पोटाखाली घेणे, अंग ताठ करणे : ही सर्व 'मला सोडा' अशी विनंती आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रे खूशच असते, असेही नाही. आणि 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' ही म्हण म्हणीपुरतीच ठेवावी.

शिकवण्याच्या बाबतीत आपल्या सीमाभागाची एक गंमत आहे. आमच्या घरात मराठी, शेजारी कन्नड आणि समोरच्या घरी दखनी. त्यामुळे चिंगीला कोणी "ये" म्हणे, कोणी "बा" म्हणे, कोणी "आओ". सुरुवातीला ती गोंधळून मधोमध बसून राही. कुत्र्याला भाषा कळत नाही. एक ठराविक आवाज आणि त्यानंतर घडणारी ठराविक गोष्ट यांची सांगड कळते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी हे तत्त्व कुत्र्यांवरच अभ्यासले. (त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल.) आम्ही सर्वांनी मिळून 'बा' हाच शब्द ठरवला, तो आखूड आहे आणि दूरवर ऐकू जातो. 'बा' म्हटल्यावर आली की लगेच उकडलेल्या अंड्याचा वाटाणाभर तुकडा. आठ दिवसांत ती शिकली. मारण्याने कुत्रे फक्त मारणाऱ्या हाताला भ्यायला शिकते, आणि भ्यालेले कुत्रेच बहुधा चावते.

आहार

शिळ्या भाकरीवर कुत्रे जगते, पण निरोगी राहत नाही. भाकरी किंवा भात त्याला चालतो. त्याबरोबर प्रथिने हवीत : अंडे, हाडे काढलेले शिजवलेले मांस, शिजवलेली डाळ. आपला भाग तुरीचा. तुरीचे वरण द्यायला हरकत नाही, परंतु फोडणी घालण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढून. कारण कांदा आणि लसूण यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. वेळ अमावास्येला शेतात उरलेली भज्जी आपण कौतुकाने कुत्र्यापुढे ठेवतो. तीत लसूण भरपूर असतो, हे विसरू नये. द्राक्षे व मनुका, चॉकलेट, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल ही कुत्र्याला विषेच आहेत. कोंबडीची शिजवलेली हाडे चिरफळतात आणि आतड्यात रुततात. मोठ्या कुत्र्यांत दूध पचवण्याची शक्ती पुष्कळदा नसते. जुलाब झाले तर दूध बंद करून दही-ताक थोडे देऊन पाहावे.

६ किलो वजनाच्या धडधाकट कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे ४०० कॅलरी पुरतात, म्हणजे माणसाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतक्या. आपण प्रेमाने दिलेले एक बिस्किट त्याला आपल्या पाच बिस्किटांएवढे होते. लहान कुत्री लठ्ठ होतात ती अशा प्रेमानेच. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. ही घरगुती कसोटी पुरेशी आहे.

उन्हाळा

मे महिन्यात कलबुर्गीकडचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांत असतात. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या पुढे गेले, की मेंदू व मूत्रपिंडे धोक्यात येतात. म्हणून दुपारी फिरायला नेऊ नये, पत्र्याखाली बांधू नये, बंद मोटारीत क्षणभरही ठेवू नये. आपल्याकडची शहाबादी फरशी घरात गारवा देते. परंतु तीच फरशी अंगणात उन्हाने तव्यासारखी तापते. हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तिथे पंजेही टेकवू देऊ नयेत. कुत्रे अतिशय धापत असेल, लाळ गळत असेल, झोकांड्या जात असतील, तर सावलीत नेऊन अंगावर माठातले वा नळाचे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. उन्हाळा म्हणून केसाळ कुत्र्याचे मुंडन करू नये. केसांचा थर त्याला उन्हापासूनही राखतो.

गोचीड व जंत

गोचीड हा आपल्या भागातला कुत्र्याचा मोठा शत्रू. गोचीड रक्त पिते एवढेच नव्हे, तर एर्लिकिया, बॅबेसिया यांसारखे रोग पसरवते. ताप, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसताच रक्त तपासून घ्यावे. गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची बसण्याची जागाही स्वच्छ ठेवावी लागते. तूर-कपाशीवर फवारून उरलेले औषध कुत्र्याच्या अंगाला चोळण्याची खेड्यांत पद्धत आहे. कृपा करून असे करू नका. ते त्वचेतून भिनते, आणि कुत्रे स्वतःला चाटते तेव्हा पोटातही जाते. रॉकेलही लावू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे औषध मिळते. माणसाच्या गोळ्याही, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, कुत्र्याला देऊ नयेत.

पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध द्यावे. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात; तेव्हा हा खर्च आपल्याही घरासाठी आहे.

लस

पार्व्हो हा रोग १९७८ साली प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणूनच मोतीनंतर वर्षभर आम्ही दुसरे पिल्लू आणले नाही आणि अंगण ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन घेतले. गाईच्या पहिल्या चिकाचे महत्त्व आपल्याला माहीत आहे. कुत्रीच्या चिकातूनही पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती असेपर्यंत लसीचा प्रभाव पडत नाही, आणि ती केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून एकच लस पुरत नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस द्यावे लागतात. यात पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ व लेप्टोस्पायरा यांवरील लसी येतात. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी.

मादी असेल तर साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात ती प्रथम माजावर येते. पिल्ले नको असतील तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. त्यामुळे उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो, आणि उकिरड्यावर सोडलेल्या पिल्लांची संख्याही वाढत नाही. या सर्वांसाठी आपल्याला हैदराबाद गाठण्याची गरज नाही. कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आपल्या बीदरलाच नंदीनगर येथे आहे आणि सीमेपलीकडे उदगीरलाही पशुवैद्यक महाविद्यालय आहे. देवणी गाय आजारी पडली, की आपण रातोरात डॉक्टरांना बोलावतो. कुत्र्यासाठी निदान सकाळी तरी जावे.

चावा आणि आमचा धडा

गेल्या वर्षी चिंगी जेवत असताना शेजारच्या सात वर्षांच्या मुलाने तिचे ताट ओढले. ती गुरगुरली, आम्ही हसलो. त्याने पुन्हा ओढले आणि ती त्याच्या मनगटाला चावली. रक्त आले. कोणी चुना आणला, कोणी मिरचीची पूड. आमच्या आजीनेच मूठभर मिरची जखमेवर दाबली. तिच्या लहानपणापासून तिने तेच पाहिले होते. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी आधी ती मिरची धुऊन काढली, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पुरी पंधरा मिनिटे धुतली आणि मग लस सुरू केली.

प्रत्येक वाचकाने हा भाग पाठ करावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु वेळेवर उपचार झाल्यास रोग टळतो. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत. ती जुनी लस भारतात २००५ साली बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा लस देतात. रक्त निघाले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचतात. कुत्रे पाळीव असले, लस दिलेले असले, लहान पिल्लू असले, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नये. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. पण त्या दहा दिवसांसाठी उपचार थांबवू नयेत.

मुलगा बरा झाला. परंतु त्या संध्याकाळी गल्लीतले पाच-सहा जण आमच्या ओसरीवर येऊन बसले. "रानात नेऊन सोडा," असे त्यांचे म्हणणे. त्या मुलाच्या वडिलांपुढे मान वर करण्याची आमची हिंमत नव्हती. पाळलेले जनावर असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. पण ज्याच्या मुलाच्या मनगटावर पट्टी आहे त्याला कलम सांगून काय उपयोग? बाबांनी आत जाऊन चिंगीचे लसीचे कार्ड आणले आणि त्यांच्या हातात दिले. सगळ्या तारखा, सगळे शिक्के. त्यांनी ते दोनदा वाचले. मग बाबा म्हणाले, "दहा दिवस ती माझ्या घरात बांधलेली राहील. चूक तिची नाही, आमची. ती सांगत होती, आम्ही ऐकले नाही." दहा दिवस चिंगी धडधाकट राहिली. अकराव्या दिवशी तो मुलगा आमच्या दारात येऊन लांबूनच "बा" म्हणाला.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कुत्र्याला देवाच्या शेजारची जागा आहे. गाणगापूरच्या दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत आणि ते चार वेद आहेत असे भाविक मानतात. भालकी तालुक्यातील खानापूरच्या मैलार मल्लण्णाला, म्हणजे आपल्या खंडोबाला, कुत्रा प्रिय आहे. देवळात त्याला नमस्कार करून दारातल्याला धोंडा मारायचा, ही विसंगती आपण सुशिक्षितांनी तरी टाळावी. फार काही करावे लागत नाही. लसीचे कार्ड, जंतांचे औषध, फोडणीआधीचे वाटीभर वरण, उन्हाळ्यात सावलीत पाण्याचे भांडे, आणि ते गुरगुरले तर न हसता मागे होणे.

पाहुणे अजूनही विचारतात, "कोणत्या जातीचे?" आजी आता परस्पर उत्तर देते, "जात नाही ठाऊक. इंजेक्शने सगळी झाली आहेत."